गोदाच्या पेट्या

गोदा गेल्याचं मला ठाण्यात कळलं. जमिनीच्या एका कागदासाठी मी कचेरीत बसलेलो. शेजारच्या रुपालीचा फोन आला, "काका, लगेच या. काकी पेट्यांजवळ पडल्यात." रिक्षा मिळेपर्यंत तिचा दुसरा फोन आला. तेव्हा ती नुसती रडत होती.

आम्ही दोघं तीन दिवस बोलत नव्हतो. कारण मधमाश्या.

कोलशेतला घरामागे आमच्या सातेरी माश्यांच्या सहा पेट्या आहेत. कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा मी एक आणलेली, तिच्याच वाटण्या करून सहा केल्या. बाहेरची माशी कधी आणली नाही. रोग घेऊन येईल म्हणायचो. आजूबाजूची पोळी नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनी औषध मारून संपवली. दोन वर्षांपासून आमच्या माश्या कमी होत होत्या. पेटीतली पोळ्याची चौकट उचलली की अळ्यांच्या मध्ये मध्ये रिकामी घरं दिसायची, गाळणीसारखी.

गोदा म्हणाली, "डोंबिवलीला मावशीच्या बिल्डिंगमध्ये, मीटरच्या खोलीत माश्या बसल्यात. त्या आणू या."

मी म्हणालो, "माश्या चांगल्या आहेत. तुझ्याच हाताला यश नाही."

ती चौकट परत पेटीत ठेवत म्हणाली, "बरोबर. या घरात दोष नेहमी माझाच."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गोदा माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे तेव्हा मामाची मुलगी असताना दुसरीकडे बघायची पद्धत नव्हती. आम्हाला तीन मुलं झाली. एकही वर्षाचं झालं नाही. तिसऱ्यानंतर कोपरीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "नात्यातलं लग्न आहे. दोघांचंही रक्त तपासू." मी गेलो नाही. घरी आई आणि माझी मोठी बहीण गंगुबाई वाट बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हिच्यातच दोष आहे." गोदा तिथेच उभी होती. डॉक्टरांचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. ती कपबश्या उचलून आत गेली.

त्याला अडतीस वर्षं झाली.

तेराव्यानंतर रुपालीने तिच्या कॉलेजच्या भावना मॅडमना पेट्या दाखवायला आणलं. त्यांनी चौकट उन्हात धरली आणि म्हणाल्या, "काका, सगळ्या एकाच पेटीतून केल्यात ना?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. माशीच्या अंड्यात एक जनुक असतं. त्याचे दोन वेगवेगळे प्रकार आले, एक आईकडून, एक बापाकडून, की मादी होते. नुसतं आईकडचं असेल तर नर. पण दोघांकडून सारखाच प्रकार आला तर तोही नरच होतो, आणि कुचकामी. कामकरी माश्या अशी अळी लहान असतानाच खाऊन टाकतात. ती ही रिकामी घरं.

"हे जनुक कुठल्या तरी जुन्या जनुकाची नक्कल होऊन तयार झालं," त्या म्हणाल्या. "जो प्रकार विरळ, त्याला स्वतःसारखा जोडीदार भेटायची भीती कमी, म्हणून तो टिकतो. असे लाखो वर्षांत पुष्कळ प्रकार साठले. तुमच्या पेट्यांत मोजकेच उरलेत."

"म्हणजे राणीचा दोष?"

"राणीचा कसा? दोन्हीकडून सारखं आलं, एवढंच."

मी विचारलं, माणसात पण असंच असतं का. त्या म्हणाल्या, "नाही, माणसात मुलगा-मुलगी वेगळ्या तऱ्हेने ठरतं. पण जवळच्या नात्यात एखादा लपलेला दोष दोघांकडेही असू शकतो. मग मूल दगावतं. का विचारता?"

"सहज," मी म्हणालो.

डोंबिवलीच्या माश्या मी गोदाच्या मावसभावाबरोबर जाऊन आणल्या. मॅडमनी सांगितलं तशा त्यांच्यापासून नव्या राण्या तयार केल्या आणि जुन्या पेट्यांत दिल्या. आता चौकटी भरलेल्या असतात. मध्ये रिकामं घर शोधावं लागतं.

गेल्या रविवारी गंगुबाई आली. ऐंशीची आहे, पण पेट्यांपर्यंत काठी टेकत चालत गेली. भरलेली चौकट बघून म्हणाली, "बघ गोपी. तिचे हाताला गुणच नवता. ती गेली नि माश्या सुधारल्या."

रुपाली तिथेच होती. तिने माझ्याकडे बघितलं. मावशीच्या बिल्डिंगमधल्या माश्या गोदालाच आणायच्या होत्या, हे तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "ताई, ऊन लागेल. आत चल, चहा घे."

गंगुबाईने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि संध्याकाळी घरी गेली. डॉक्टर खरं काय म्हणाले होते, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.