ऊल्वारच्या झोपेची किंमत

आमच्या खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. तिथल्या एका खडकावर दातांचे व्रण दिसतात. ते स्काल्लीचे. कुणाला पटत नसेल तर त्याने स्वतः चावून बघावं.

हा स्काल्ली अस्वलाचं कातडं पांघरून गावोगाव फिरायचा. लढाईआधी पिसाळून ढाल चावायचा, आणि त्याने नुसतं रोखून पाहिलं तरी समोरच्याच्या तलवारीची धार जायची. एका शरदात तो स्टायनारच्या शेतावर येऊन उभा राहिला. घरात तिघंच: म्हातारा स्टायनार, त्याचा नातू सोल्वी आणि नात हेरबर्ग.

"तीन दिवसांनी बेटावर लढायला ये," स्काल्ली सोल्वीला म्हणाला. "हरलास तर शेत माझं आणि ही पोरगीही माझी."

"तीन दिवस आहेत तर अंघोळ करून घे," हेरबर्ग म्हणाली. पण दोन्ही हातांनी तिने दाराची चौकट घट्ट धरली होती.

सोल्वीने आव्हान घेतलं. न घेणाऱ्याला आमच्याकडे कुत्रंही विचारत नाही.

आता धार न जाणारी तलवार हवी. अशी एकच होती, खून होऊन टेकाडाखाली पुरलेल्या ऊल्वारच्या मांडीवर. मेलेल्याच्या नजरेखाली चाळीस हिवाळे काढलेल्या तलवारीला जिवंत माणसाच्या नजरेचं काय?

"तिकडे जाऊ नकोस," स्टायनार म्हणाला.

"का, आजोबा?"

म्हातारा जाळं विणत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोल्वीने टेकाड वरून फोडलं आणि दोर धरून तो आत उतरला. ऊल्वार चौरंगावर ताठ बसला होता, डोळे सताड उघडे.

"तलवार हवी असेल," ऊल्वार म्हणाला. "माझी विचारपूस करायला कोण येतंय? चाळीस हिवाळे डोळ्याला डोळा नाही, पोरा. छतावरच्या एकेका किड्याला मी नावाने ओळखतो. माझे डोळे मीट आणि घेऊन जा."

मेलेल्या माणसाचे डोळे आणि नाकपुड्या आमच्याकडे पाठीमागून जाऊन मिटतात. मात्र खून झालेल्याचे डोळे जो मिटेल, त्याच्या गळ्यात सूड पडतो. म्हणूनच ऊल्वारला पुरायला सगळी खाडी लोटली होती, पण हात कुणीच लावला नव्हता.

"तुला मारलं कुणी?" सोल्वीने विचारलं.

"आधी विचारलंस, शहाणा आहेस. स्टायनारने."

सोल्वी मातीत खाली बसला. लहानपणापासून त्याला वाढवलं होतं ते स्टायनारने.

"दुसरं काही चालणार नाही?"

"झोप हवी," ऊल्वार म्हणाला.

सोल्वीला चौकट धरलेले हेरबर्गचे हात आठवले. तो उठला, ऊल्वारच्या पाठीमागे गेला आणि त्याने आधी डोळे, मग नाकपुड्या मिटल्या. जुनं गलबत वाळूवर ओढताना कण्हतं तसं कण्हून ऊल्वार निजला.

बेटावर स्काल्लीने तलवारीकडे इतकं रोखून पाहिलं की त्याच्याच डोळ्यांतून पाणी आलं. धार तशीच राहिली. त्याने ढाल चावली, ती संपल्यावर खडक चावला. सोल्वीच्या तिसऱ्या घावाला त्याचा पाय गुडघ्यातून गेला आणि भरती यायच्या आत जीवही गेला. लोकांनी सोल्वीच्या पाठीवर थापा मारल्या. तो मान खाली घालूनच घरी आला.

अंगणात स्टायनार बसला होता. शेजारी गोळा झाले होते.

"साक्षीदार मीच बोलावलेत," म्हातारा म्हणाला. "टेकाड फुटलेलं दिसलं तेव्हाच समजलो."

"कशावरून मारलंत, आजोबा?"

"किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशावरून. मासा नासका होता, ते नंतर कळलं."

"आणि डोळे का नाही मिटलेत?"

"मिटले असते तर सूड मलाच घ्यावा लागला असता, माझ्यावरच."

एक शेजारी हसला आणि मध्येच थांबला.

"तलवार चालव, नाहीतर न्याय कर," स्टायनार म्हणाला. "शिक्षा तू ठरव. तुझ्या तोंडून येईल ती मला मान्य आहे."

"दादा, हलकीशी सांग," हेरबर्ग कुजबुजली.

"ऊल्वारला झोपेत फसवू?"

सोल्वी साक्षीदारांकडे वळला. मग म्हणाला, "स्टायनारने ही खाडी सोडावी. जिवंत असेपर्यंत इथे पाऊल ठेवू नये."

ऐंशीला टेकलेला म्हातारा. बायका रडू लागल्या. स्टायनारने मान डोलावली. "रास्त आहे. ऊल्वारला हे चाललं असतं."

सोल्वीने तलवार हेरबर्गच्या हातात दिली. "शेत तुझं. ऊल्वारच्या वतीने बोलायचं होतं ते बोलून झालं, आता नातू म्हणून बोलतो. आजोबा, तुम्हाला वल्हं झेपणार नाही. मी येतो."

"माझी शिक्षा तू कशाला भोगतोस?"

"भोगत नाही. सोबत करतोय."

"हेरबर्गला एकटं टाकून?"

"माझ्याकडे आता तलवार आहे," हेरबर्ग म्हणाली. "आजोबांना साधं कालवणही करता येत नाही. जा, दादा."

तिने होडीत सुके मासे आणि लोण्याचं पिंप ठेवलं. वारा पडलेला होता. स्टायनार सुकाणूपाशी बसला, तोंड समुद्राकडे. मागे वळून पाहायचं नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. वल्हवणाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडे असतं, त्यामुळे घर लहान होत जाताना सोल्वीलाच दिसलं.

"दिसतंय का अजून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दिसतंय," सोल्वी म्हणाला. घर दिसेनासं झाल्यावरही तो बराच वेळ तेच सांगत राहिला.