सत्तावीस इंची मॉनिटर

पणजोबा जमिनीचे मोजणीदार, आजोबा शिंपी आणि वडील सुतार. पणजोबांच्या साखळीवर हद्दीची भांडणे मिटत. आजोबा गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर भर दुकानात मोठ्याने उच्चारीत, आणि तरीही गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे, कारण सदरा अंगाला नेमका बसे. वडील तर उंबरठ्यावर उभे राहूनच सांगत, "चौकट दोन सूत कलली आहे." तिसऱ्या पिढीपर्यंत लोक घराण्याचे आडनाव विसरले आणि 'पट्टीवाले' एवढेच उरले. चौथ्या पिढीत दादाच्या वाट्याला वडिलांचा फर्निचरचा कारखाना आला, खिशातली टेप आली आणि आपले माप कधीही चुकत नाही हा समजही आला. टेप झिजली तर बदलता येते. समजाचे तसे नसते.

अशा या बावन्न वर्षांच्या गृहस्थाने एके सकाळी चहा पिता पिता जाहीर केले, की आपण गेम खेळायचा कंप्युटर घेणार. तोही तयार नव्हे. एकेक भाग पारखून घरी जोडणार.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करी. चुकीची चिठ्ठी ओळखायची तिला सवय होती.

"अहो, तुम्हाला मोबाइलवर फोटो पुढे सरकवता येत नाही."

"कारखान्याच्या नकाशांसाठी लागतो."

"नकाशांना गेम लागतात होय!"

एवढ्यावर तिने विषय सोडला. पुढच्या महिन्यात धाकटी गावात येणार आहे, हे तिलाही ठाऊक होते.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. दुसऱ्या शहरात ती लोकांना मोटार चालवायला शिकवते. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी ती येणार होती आणि भावाच्या घरापासून चार गल्ल्यांवरच्या लॉजमध्ये तिने खोली घेतली होती. चार वर्षे ती या घरात आली नव्हती. ज्या बाकावर वडिलांनी जन्मभर रंधा मारला, ते बाक दादाने त्यांच्या माघारी एका कॉफीच्या दुकानाला शोभेसाठी विकले, आणि बहिणीला एका शब्दानेही विचारले नाही. तेव्हा ती दारातूनच म्हणाली होती, "लहानपणी माझे डाव खाल्लेस, आता बाक खाल्लंस. बाक काही परत येत नाही. माझे डाव तेवढे फेड, मग पाऊल टाकते."

डावांची हकिकत अशी. सदतीस वर्षांपूर्वी घरात टीव्हीला जोडायचा एक खेळाचा डबा होता. त्यात एकच खेळ होता, मोटारी पळवण्याचा. दर रविवारी तासभर परवानगी, दोघांना अर्धा अर्धा तास. दादा पाच वर्षांनी मोठा. तो म्हणे, "आजचा डाव उधार दे, पुढच्या रविवारी दोन घे." पुढचा रविवार कधी आलाच नाही. अखेर डबा जळाला, आणि त्याबरोबर उधारीही जळाली असे ऋणकोने सोयीस्करपणे मानले. धनको मात्र शेजारी बसून सगळे पाहत होती.

'चुकलो' हा शब्द तीन अक्षरी आहे, शिवाय फुकट मिळतो. परंतु या घराण्यात तो कोणाला कधी लागलाच नव्हता, म्हणून कोणी घरात आणून ठेवला नव्हता. तेव्हा दादाने कंप्युटरच्या भागांची यादी केली.

सुट्या भागांचे दुकान एका जिन्याखाली होते. मालकीणबाई पस्तिशीच्या. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला पाहून दादाला त्या जातिवंत कारागीर वाटल्या.

"कोणासाठी घेताय, काका?"

"बहिणीसाठी," दादा चटकन म्हणाला. अनोळखी माणसापुढे खरे बोलायला पट्टीवाल्यांनाही जड जात नसे.

"काय खेळतात त्या?"

"मोटारी पळवायची. लहानपणी खेळायची." तो थांबला. "म्हणजे, खेळली असती."

बाईंनी भाग मांडायला सुरुवात केली. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांविषयी दादाने दोनच प्रश्न विचारले, कारण तिसरा सुचला नाही. मात्र सगळ्या यंत्राला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायपाशी त्याला कंठ फुटला.

"यात स्वस्तातला पण आहे," बाई म्हणाल्या.

"पायाला हलकं लाकूड लावत नाही आम्ही. भारी द्या."

"वा! बहुतेक लोक नेमके इथेच हात आखडतात."

दादा खुलला. काचेच्या बाजूचे, आत रंगीत दिवे लागणारे कॅबिनेट पुढे येताच त्याने नाक मुरडले. "आतले सांधे चव्हाट्यावर मांडायचे? आमच्यात सांधा दिसला तर सुताराचं नाक जातं." साधे, काळे, चारी बाजूंनी झाकलेले कॅबिनेट त्याने पसंत केले, टिचकी मारून पाहिले आणि शेवटी खिशातली टेप काढली. ग्राफिक्स कार्ड मोजले, मग कॅबिनेटच्या आतली जागा मोजली.

"बाई, कार्ड तेहेतीस सेंटिमीटर, आत जागा एकतीस. हे बसायचं नाही."

बाईंनी पुन्हा मोजले आणि जीभ चावली. "खरंच की! वाचवलंत काका. मोठं कॅबिनेट देते."

माणसाला पराभवाने शहाणपण येते म्हणतात. विजयाने ते जाते, हे म्हणायला कोणी उरत नाही. त्या दोन सेंटिमीटरांनी दादा इतका फुगला, की मॉनिटरची वेळ आल्यावर त्याने टेप खिशातच ठेवली.

"सत्तावीस इंची घ्या," बाई म्हणाल्या. "सेकंदात एकशे पासष्ट वेळा चित्र बदलतं."

"आमच्याकडे चार वर्षं एकच चित्र आहे. चालेल. द्या."

मॉनिटर आठ दिवसांनी येणार होता. तेवढ्यात दादाने कारखान्यातली सगळी कामे बाजूला सारून एक टेबल केले. जुने, मुरलेले लाकूड, मागे उंच पाठ, आणि पाठीत मॉनिटर बसवायला सत्तावीस इंच अन् दोन सूत, म्हणजे वर पाव इंच, रुंदीची खोबण; दोन्ही अंगांना एकेक सूत मोकळे. एकही स्क्रू नाही. सगळे सांधे सरसाने पक्के, जन्मात न सुटणारे.

मॉनिटर आला. दादाने तो खोबणीत ठेवला आणि दोन्ही बाजूंनी मागची भिंत दिसू लागली. त्याने टेप लावली, मग पुन्हा लावली. मग दुकानात फोन लावला.

"बाई, माल तीन इंच कमी आलाय. चोवीसच भरतोय."

"कुठून कुठे मोजलंत, काका?"

"डावीकडून उजवीकडे. माणसं मोजतात तसं."

"अहो, पडदा तिरका मोजतात. खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात."

"तिरका? तिरकं कोण मोजतं?"

"सगळं जग. टीव्हीसुद्धा! तुम्ही टीव्हीची कपाटं करता ना?"

करत होता. शेकडो केली होती. पण खोक्यावरचा आकडा वाचायची वेळच कधी आली नव्हती, कारण दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबायचे नाही ही वडिलांची शिकवण. दरवेळी त्याने स्वतःची टेप लावली होती. उभ्या आयुष्यात एकदाच दुसऱ्याचा आकडा मानला, आणि तोही न विचारता.

दादाने टेप मिटून खिशात घातली.

"चुकलो," दादा म्हणाला.

"त्यात काय एवढं, काका!" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. घराचे छत जागेवर होते. भिंतीवरच्या तिन्ही पूर्वजांच्या तसबिरींतून कोणी खाली उतरले नाही.

बायको दारात उभी होती. "निघाला की हो शब्द! आता वाट मोकळी आहे तोवर दुसऱ्या नंबरावरही सांगून टाका."

धाकटीने फोन उचलला तो "कोण गेलं?" म्हणतच.

"कोणी नाही. मॉनिटर तिरका मोजतात, हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं. का रे?"

दादाने टेबलाची कथा सांगितली. पलीकडून असे हसू फुटले, की त्यातच तिचा आवाज चढला, "ब्रेक! ब्रेक दाबा! तुला नाही रे दादा, शेजारी शिकाऊ आहे. गाडी बाजूला घ्या हो. हं, बोल."

"बाकाचं चुकलं माझं," दादा म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं."

इंजिन बंद झाल्याचे ऐकू आले.

"एवढं बोलायला तू कंप्युटर बांधलास?"

"बेचाळीस डाव आहेत तुझे."

"एक्केचाळीस. एका रविवारी वीजच नव्हती. जास्तीचं मी घेत नाही. आणि ऐक, उधारी असलेल्या घरात मी राहणार नाही. येईन, खेळेन आणि लॉजवर जाईन."

दोघे एकाच घराण्यातले, याविषयी कोणाला शंका असल्यास ती इथे फिटावी.

ती आली. रोज संध्याकाळी तीन डाव, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर अर्धा अर्धा तास. तिची अट एकच होती: दादाने शेजारी बसायचे, हात मांडीवर ठेवून. दिवसभर लोकांना 'हळू, हळू' म्हणून घसा कोरडा करणारी ही बाई पडद्यावर वळणे कापी, समोरच्या गाड्या कठड्यावर घाली आणि लाल दिव्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

"अगं, उजवीकडून जा—"

"हात मांडीवर. तोंडसुद्धा."

दादा हात पुन्हा मांडीवर ठेवी. खेळणाऱ्याचा अर्धा तास चुटकीसरशी जातो, आणि शेजारी नुसते बसणाऱ्याचा किती लांबतो, हे त्याला बावन्नाव्या वर्षी समजत होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याने घड्याळाकडे पाहणे सोडले, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

चौदाव्या संध्याकाळी दोनच डाव उरले होते. लॉजचे भाडे दुसऱ्या दिवसापर्यंत भरलेले होते आणि सकाळी सातला तिची परतीची गाडी होती. एक्केचाळिसावा डाव संपला. तिने बोटे मोडली आणि लॉजची किल्ली दादाच्या हातावर ठेवली.

"जा, सामान घेऊन ये. दोन बॅगा आहेत."

"आता? एका रात्रीपुरतं?"

"फिटलं सगळं," ती म्हणाली. "बाकासकट."