बोटभर आखूड पाय

"वाढला! बघा, बघा, वाढतोय!"

सभागृहातली चारशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. मग त्यांच्या मागच्यांना दिसेना, म्हणून तेही चढले. मंचावर एक मुलगी पाय पुढे करून खुर्चीत बसली होती आणि समोर गुडघे टेकलेल्या गृहस्थांनी तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलून धरल्या होत्या. घटकाभरापूर्वी तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला बोटभर आखूड होता. आम्ही सगळ्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. आता आमच्या देखत दोन्ही पाय हळूहळू एका रेषेत आले. टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं.

ती मुलगी माझी भाची, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पिटणारा इसम म्हणजे मी. शाळेत सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. पोटरीत कोणते स्नायू असतात, ते टाचेला कुठे जोडलेले असतात, हे दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवतो. हे सगळं माहीत असलेला माणूस तिथे पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. लिहिताना आजही कान तापतात.

त्या गृहस्थांना लोक समतोलबाबा म्हणत. पांढरे कपडे, पांढरे बूट आणि गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी. ती पट्टी त्यांनी कधी वापरलेली मी पाहिली नाही. तोंडाचा पट्टा मात्र अखंड सुरू.

"शरीर म्हणजे तराजू, बाळांनो! एक पारडं बोटभर चढलं की सगळा भार पोटरीवर. पोटरी रडते, आणि तुम्ही बिचारे गोळ्या गिळता. डॉक्टर पोटरी बघतो. मी तोल बघतो! आता तीन दिवस धावायचं नाही, हे माझं तेल लावायचं. चौथ्या दिवशी हरिणासारखं पळायचं. पण एक लक्षात ठेवा. मनात शंका आली की पाय पुन्हा आखडतो. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

म्हणजे गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष आपला. शाळेत एखाद्या पोराने असली सबब सांगितली असती तर मी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या. तिथे मात्र मान डोलावली. का डोलावली, ते सांगतो.

शाळेआधी, सकाळी सहा ते सात, मी अग्निशमन दलाच्या भरतीसाठी मुलामुलींकडून तयारी करून घेतो. यंदा अकरा जण होते, त्यात माझी भाची. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. गेल्या वर्षी माझ्या तुकडीतली चारही मुलं धावण्यात नापास झाली होती आणि लोक तोंडावर नाही तरी पाठीमागे बोलत होते. म्हणून यंदा मी ईर्ष्येला पेटलो. तीन आठवड्यांत धावण्याचं अंतर दुप्पट केलं. मैदान एकच तास मिळतं, म्हणून सुरुवातीला अंग मोकळं करणं बंद केलं. "त्या दहा मिनिटांत चार फेऱ्या होतात," असं मीच म्हणालो होतो.

आणखी एक प्रथा मीच पाडली होती. भरतीत जो निवडला जाईल, त्याने आपले धावायचे बूट मागे ठेवून जायचे आणि पुढच्या तुकडीतल्या कुणीतरी ते घालायचे. पास झालेले बूट! मुलं त्यांवर जीव टाकत. भाचीच्या वाट्याला चार वर्षांपूर्वी निवडल्या गेलेल्या मुलीचे बूट आले. एक नंबर मोठे, म्हणून पुढे कागदाचा बोळा कोंबलेला.

तिची उजवी पोटरी दुखायला लागली तेव्हा कारण शोधायला लांब जायला नको होतं. कारण शिट्टी गळ्यात अडकवून मैदानाच्या मधोमध उभं होतं. पण बाबा म्हणाले की तिचा पाय जन्मतःच आखूड आहे, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. चूक माझी नव्हती, पायाची होती! मी नुसता विश्वास ठेवला नाही, बाबांचं म्हणणं दोन्ही हातांनी झेललं.

तीन दिवस ती धावली नाही. दुखणं उतरलं. मग काय विचारता! पुढच्या बैठकीला मी आख्खी तुकडी घेऊन गेलो. बाबांनी माझाही डावा पाय बोटभर वाढवून दिला. मी माइक हातात घेऊन चारशे लोकांना सांगितलं, "मी या विषयाचा शिक्षक आहे. मी खात्री देतो." मैदानावर परतल्यावर मुलांना बजावलं, "आता शंका घ्यायची नाही. दुखतंय हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

चौथ्या दिवसापासून भाची पुन्हा पूर्ण अंतर धावू लागली. आठवड्याने एका सकाळी ती माझ्याजवळ आली.

"मामा, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतंय. आजचा दिवस चालू का नुसती?"

"चाचणी बारा दिवसांवर आलीय आणि तुला चालायचंय? बाबा काय म्हणाले होते?"

"शंका घ्यायची नाही."

"मग?"

ती रेषेवर जाऊन उभी राहिली. मी शिट्टी वाजवली. तिसऱ्या फेरीत ती एकदम थांबली आणि मागे वळून बघायला लागली. कुणीतरी मागून दगड मारला असं तिला वाटलं. मागे कुणीच नव्हतं. मग तिला पाय टेकवेना आणि ती तिथेच खाली बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटरी हलक्या हाताने चाचपली, पाऊल वरखाली करायला सांगितलं, सोनोग्राफी केली. स्नायू फाटला होता. धावायला निदान दोन महिने लागणार होते.

"पण हिचा पाय आखूड होता ना," मी चाचरत म्हणालो, "त्यामुळे..."

बाईंनी खणातून मोजपट्टी काढली, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले आणि पट्टी माझ्यासमोर धरली. दोन्ही सारखे.

"कुणी सांगितलं आखूड म्हणून?"

भाचीने सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"तीन दिवस विश्रांती मिळाली म्हणून दुखणं कमी झालं. तेलाने कातडी गरम होते, आतलं दुखणं थोडा वेळ जाणवत नाही. स्नायू काही तीन दिवसांत सांधला जात नाही. पहिल्यांदा दुखलं तेव्हाच धावणं थांबवून बर्फाने शेकलं असतं, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवला असता, दुखणं गेल्यावर आधी चालणं, मग टाचा उचलायचा व्यायाम आणि मग थोडं थोडं धावणं, असं केलं असतं तर ही कदाचित चाचणीला उभी राहिली असती." त्यांनी बूट उलटा करून तळ अंगठ्याने दाबला. "आणि हा काय बूट आहे? तळ पार बसलाय. मोठाही आहे. टाच आत वरखाली होत असणार. हिला शिकवतं कोण?"

"मी," मी म्हणालो.

बाहेर बाकावर माझी बहीण बसली होती. ती रडली नाही, भांडली नाही. "दादा, तू म्हणालास म्हणून पाठवली होती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते बूट घेऊन मी मैदानाच्या फाटकाशी गेलो. तिथे बूट दुरुस्त करणाऱ्या बाई बसतात. सगळे त्यांना बूटकाकू म्हणतात. बूट बघताच त्या म्हणाल्या, "तीनदा सांगितलं होतं, मास्तर. याचा तळ मेलाय. तुम्ही हसलात. म्हणालात, हे पास झालेले बूट आहेत."

"चुकलं, काकू."

"बसा इथे. पाय पुढे करा."

स्टुलावर बसलो. काकूंनी माझ्या बुटांच्या लेस सैल केल्या, दोन्ही टाचा हातांवर घेतल्या. "आता बघा. उजवा आखूड आहे की नाही?"

खरंच होता! बोटभर.

"आता वाढवते हं." आणि दोन्ही पाय एका रेषेत आले. काकू फिसकन हसल्या. "वाढला कुठला कपाळाचा! डाव्या बुटाची टाच मी बोटाने पुढे ओढली होती. पाय आत जागेवरच, बूट पुढे. मग डावा लांब दिसतो आणि तुम्ही म्हणता उजवा आखूड. नंतर डावा बूट हळूच मागे ढकलला. तुम्ही सगळे उजव्याकडे डोळे लावून बसलेले, डाव्याकडे बघतंय कोण?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सभागृहाच्या दाराशीच बसले होते ना त्या दिवशी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बाबाचा माणूस लेस सैल करायला लावत होता. अनवाणी आलेल्यांना सांगत होता, तुमचा योग पुढच्या वेळी. माझं सगळं आयुष्य बुटांत गेलंय, मास्तर."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही माइकवर होतात. तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार?"

"रविवारी माझ्याबरोबर सभागृहात याल?" मी विचारलं.

रविवारी पुन्हा बैठक होती. काकूंनी मेणाच्या दोऱ्याने माझे बूट घोट्याला असे आवळून बांधले की पाऊल आत हलेना. मी मंचावर गेलो.

"या, या मास्तर!" बाबा म्हणाले. "आमचे खंदे साक्षीदार!"

"बाबा, मागच्या बैठकीत तुम्ही माझा डावा पाय वाढवलात. पण परवापासून मला शंका यायला लागलीय. भरपूर येतेय. तुमच्या नियमाने तो आता आखडला असणार. जरा दाखवा लोकांना."

बाबा हसले. टाचा हातात घेतल्या. बोटं टाचेमागे गेली आणि तिथेच अडकली. त्यांनी पाय डावीकडे नेले, उजवीकडे नेले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. पाय जसेच्या तसे.

"लेस सैल करा."

"पाय आखडलाय तो बाबा, लेस नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. "तुमच्या मनात विष आहे! अशा माणसावर ऊर्जा चालत नाही."

"मग मोकळ्या मनाच्या माणसावर माझी चालते का बघू," असं म्हणत काकू मंचावर आल्या आणि पहिल्या रांगेतल्या पोस्टातल्या कारकुनाला खुर्चीत बसवलं. "शरीर म्हणजे तराजू, बाळांनो!" त्यांनी हुबेहूब बाबांचा सूर लावला, लोक खदखदले, आणि बघता बघता कारकुनाचा पाय आखडला, वाढला, पुन्हा आखडला. मग त्यांनी त्याची खुर्ची सभेला आडवी फिरवली आणि टाचेमागचं बोट सगळ्यांना दाखवलं.

हसू हळूहळू विरलं. कारण तिथल्या शंभरेक जणांनी आपापला पाय वाढवून घेतला होता, आणि ज्याने त्याने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. बाबा तेलाच्या बाटल्या गोळा करून बाजूच्या दाराने पसार झाले.

एक म्हातारे गृहस्थ उठले. "मास्तर, ते गेले ते गेले. पण आम्ही त्यांच्या नव्हे, तुमच्या शब्दावर आलो होतो."

मी माइक घेतला, तोच माइक. सगळं सांगितलं. वाढवलेलं अंतर, बंद केलेली दहा मिनिटं, मेलेले बूट आणि रेषेवर उभी केलेली भाची. "बाबांनी माझी फसवणूक एकदा केली," मी म्हणालो. "मला ती सोयीची होती, म्हणून मी ती तुम्हा सगळ्यांपर्यंत पोचवली." कुणी टाळी वाजवली नाही, ते बरं झालं.

त्या संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो तेव्हा भाची कुबडी घेऊन बसली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, मी तुला सांगितलं होतं रे दुखतंय म्हणून." यंदाची चाचणी तिला देता येणार नव्हती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही.

दुसऱ्या सकाळी मैदानावर दहा जण रांगेत उभे होते. मी विचारलं, "पोटरी कुणाची दुखतेय? हात वर करा."

कुणी हललं नाही.

"रागावणार नाही. कुणाचं नावही काढणार नाही."

एक हात वर गेला. मग दुसरा. मोजले तेव्हा सात होते.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले, मास्तर."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, शंका घ्यायची नाही."

त्या दिवशी कुणीच धावलं नाही. सात जणांना घेऊन मी दवाखान्यात गेलो.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. अंतर हळूहळू वाढवा, आधी अंग गरम करा, बूट आपल्या मापाचे आणि धड तळाचे घाला. पोटरी दुखली की थांबा, चार दिवसांत उतरलं नाही, सूज आली किंवा पाय टेकवेना तर डॉक्टरकडे जा. कुणी चमत्कार दाखवत असेल तर त्याला आधी बूट काढायला सांगा. आणि शेजारी माझ्यासारखा एखादा शिकलेला माणूस टाळ्या वाजवत असेल, तर त्यालाही विचारा की तुला हे कशावरून पटलं. मला कुणीच विचारलं नाही. कुणी विचारू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.