रांगेतलं चौथं घर

सत्तर सालच्या मार्चमध्ये रविंद्र बायकोला न्यायला नागपूरच्या सक्करदऱ्याला आला. सव्वादोन वर्षांतली ही त्याची तिसरी खेप होती.

तो कोयनेकडे वीजघरात फिटर होता. सदुसष्टच्या डिसेंबरात तिथं भूकंप झाला. दगडमातीची भिंत कोसळली, तीत त्यांची तीन वर्षांची गोपिका गेली. कौसल्याच्या मांडीचं हाड मोडलं. ती दवाखान्यात असतानाच रविंद्रनं एका उंबराखाली मुलीला पुरलं आणि वर खुणेचे दगड रचले. कौसल्यानं ती जागा पाहिलीच नाही. तिचे वडील, जागेश्वर, तिला दवाखान्यातून परस्पर नागपूरला घेऊन आले. तेव्हापासून ती लंगडत चाले आणि दिवसभर दारात बसून, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून, वडिलांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरी.

आधी दोनदा तिनं नवऱ्याला परत पाठवलं होतं. या वेळी मात्र भूकंपात घर गेलेल्यांसाठी सरकारनं बांधलेलं पक्कं घर त्याच्या नावावर झालं होतं. रांगेतलं चौथं. विटांच्या भिंती, कोपऱ्यांत लोखंडी सळ्या, वर हलके पत्रे. सासू तुळजाबाईला तो हे सगळं सांगत होता. एक साहेब घरोघर फिरून लोक घरावर समाधानी आहेत का, हे लिहून घेऊन गेल्याचंही त्यानं सांगितलं.

"तुमी काय सांगतलं?" कौसल्यानं दारातूनच विचारलं.

"समाधानी हाय म्हणून सांगतलं."

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. घरापासून गोपिकाची जागा किती लांब आहे, एवढंच तिनं विचारलं. रविंद्र आधी जवळच आहे म्हणाला. शेवटी त्यानं सांगून टाकलं. ठेकेदाराच्या माणसांनी या घरांसाठी यंत्र लावून सगळी जमीन सपाट केली, तेव्हा तो पंधरा दिवस दुसऱ्या गावी कामावर होता. परत आला तर उंबर नव्हता, दगडही नव्हते.

"आपल्याच रांगेत हाय ते. पण कोणत्या घराखाली, ते मले सांगता येत नाही."

"अन् तरी समाधानी म्हणून सांगतलं?"

"त्यायच्या कागदावर तसा सवाल नव्हता, कौसल्या."

आत माग थांबला. जागेश्वर बाहेर आले. पोरगी आता येणार नाही, तुम्ही जा, असं त्यांनी जावयाला शांतपणे सांगितलं. रविंद्रनं वाद घातला नाही. तो चपला शोधू लागला. तेवढ्यात कौसल्या आतून ट्रंक ओढत घेऊन आली.

"काहून निघाली वं?" जागेश्वर म्हणाले.

"तिले दोन वर्सं एकटी ठेवलं, बाबा."

संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेली.

दिवाळीनंतर जागेश्वर लेकीकडे गेले. घरात खोट काढायला जागा नव्हती. पण कौसल्याशी रांगेतलं कोणी बोलत नव्हतं. आल्या आल्या ती काही ना काही निमित्तानं प्रत्येक घरात गेली होती आणि जमिनीला तळहात टेकवून बसली होती. आधी बायकांनी तिला कुंकू लावलं. मग कारण कळलं, तशी दारं लागू लागली. दोन कुटुंबांनी घर बदलून मागितलं. एका बाईनं तर आपल्या लेकराच्या तापाचा दोष तिच्या माथी मारला. रविंद्र सुट्टीच्या दिवशीही कामावर जाई.

जागेश्वरांनी तिला परत चल म्हणून खूप विनवलं.

"साऱ्या घरांत बसून पाह्यलं," ती म्हणाली. "कुठंच काही समजलं नाही. पण ते याच रांगेत हाय. आता मी इथून गेली तर इतकंबी राहणार नाही."

चार दिवसांनी ते एकटेच परतले. तुळजाबाईनं घर कसं आहे विचारलं. नळ दाराशीच आहे, एवढं सांगून ते मागावर जाऊन बसले.