सावधान म्हटलं की दिवा

उकंडाच्या पोरीचं, दीपाचं लग्न नीट वाजलं, तर घनश्यामच्या पदरात पडणार होतं ते एवढं: दोघांचं जेवण, एक दुपट्टा, एक नारळ आणि घरातला ॲम्प्लिफायर, म्हणजे लग्नात माईकला जोडायची पेटी. आता शेवटचा माल त्याचा स्वतःचाच होता. पण हंसाबाईनं, त्याच्या बायकोनं, सांगून ठेवलं होतं, "या लग्नात पेटी घुमली ना, तर भंगारवाल्याले देऊन टाकीन अन् दोन बकऱ्या आणीन."

तिचं काही चुकत नव्हतं. कापसाची ती वाईट वर्षं. कापसाला भाव उरला नव्हता आणि लोकांना वाजवून लग्न करायची हौस उरली नव्हती. जी काही लग्नं होत ती देवळात, मोजक्या माणसांत, बिनमाईकची. घनश्यामची पेटी दोन हंगाम कोठीवर पोत्याखाली पडून होती. मग एका बारशाला काढली, तर तिनं असं काही 'घूंऽऽ' धरलं की पाळण्यातलं लेकरू दचकून रडायला लागलं आणि त्याचं नाव काय ठेवलं ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारावं लागलं.

महागावच्या स्टँडजवळ धम्मरत्नचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं; घनश्यामनं पेटी तिथं नेली. त्यानं माईकची वायर उपटली. घूं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं. तरी घूं.

"माईकचा दोष नाही, घनश्यामभाऊ. पॉवर सप्लाय गेला." त्यानं झाकण काढून दोन फुगलेले कपॅसिटर दाखवले. "लायनीचा खडबडा हे सपाट करतात. बसून बसून सुकले."

"बसून मीही राह्यलो की दोन वर्षं."

"म्हणून तर तूही सुकला न बे!"

त्यानं दोन्ही बदलले. नवी दुरुस्ती एकदम लाइनीवर टाकायची नाही, मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडायचा, ही त्याची रीत. आत काही जळकं निघालंच तर बल्ब भकभक पेटतो आणि पेटी वाचते. बल्ब जरासा लाल होऊन विझला. घूं गेलं.

"सांजेपर्यंत याच्यावरच राहू दे. लग्नात बल्ब काढून टाकजो."

घनश्यामनं मान हलवली. पण त्याच्या डोक्यात हिशेब वेगळा झाला होता. बल्ब आला नि घूं गेलं, म्हणजे घूं बल्बानंच खाल्लं. मग चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? त्यानं बल्ब पेटीला जोडलेलाच ठेवला, बोर्डासकट मांडवात नेला आणि माणसांच्या डोक्यावर बांबूला टांगला.

मुहूर्त भटजीनं काढला होता आणि लाइनमननं मंजूर केला होता. गोरजाला लाइन राहणार होती. मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिली दीपाची आत्या तानाबाई. तिचा गळा तालुक्यात नावाजलेला. चार ओळी छान ऐकू आल्या. हंसाबाई बायकांत उभी राहून पेटीकडेच बघत होती. मग तानाबाईनं "सावधाऽऽन" म्हणत सूर ताणला, तसा बल्ब झगझगीत पेटला आणि आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली गेला.

मागच्यांना सावधान ऐकूच आलं नाही. अक्षता कधी टाकायच्या?

"दिवा लागला, टाका!" मागच्या पाहुण्यांतला लखीराम ओरडला.

अक्षतांच्या जवारीचा पाऊस पडला. पुढच्या अष्टकापासून मागच्यांनी कान बंद केले आणि डोळे वर लावले. आवाज बसतो म्हणून तानाबाई आणखी जोर लावी. ती जोर लावी तसा बल्ब पेटे. बल्ब पेटे तशा अक्षता पडत. ओळीओळीला. तीन अष्टकं बाकी असताना सगळ्यांच्या मुठी रिकाम्या.

"अबे, थांबा न! लग्न लागाचं हाय अजून!" उकंडा कोठीकडे पळाला. बायकांनी कोरड्या जवारीला घाईघाईनं कुंकू चोळलं.

धम्मरत्न पाहुण्यांतून वाट काढत आला. "बल्ब काहून ठेवला?"

"घूं होईन म्हणून."

"तुही पेटी उपाशी हाय! बाईनं जोर लावला की अर्धी लाइन बल्बच खाऊन राह्यला."

त्यानं पेटी बंद केली, बल्ब काढून वायर सरळ जोडली आणि पेटी पुन्हा चालू केली. घूं नव्हतं. तानाबाईचा आवाज असा सुटला की गोठ्यातले बैल उभे राहिले. मागून मात्र ओरड आली, "दिवा काहून काढला बे? आता समजाचं कसं?"

हंसाबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दोन वर्षांत तिला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. घरी जाताना ती एवढंच बोलली, "राहू द्या पेटी."

आता डीजे येतो तेव्हा भिंतीवरची भांडी पडतात. सावधान सगळ्यांना ऐकू येतं. हसत कोणी नाही.

त्या लग्नाचा खर्च असा पडला. उकंडाची पायलीभर जवारी. तानाबाईचा गळा, आठवडाभर. धम्मरत्नचे दोन कपॅसिटर, जे त्यानं आहेरात धरले. घनश्यामचं काहीच गेलं नाही. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत दुसरं लग्न काही मिळालं नाही; तोवर हंसाबाई रोज दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं निंदायला गेली, आणि तो घरी पेटी पुसत बसला.