आधी बोट, मग भाकर

भागवतच्या हातात साखर तपासायचं मशीन आलं आणि त्याच्या आईच्या, तुळजाबाईच्या, बोटांची चाळण झाली. तिला इन्सुलिन सुरू करताना मंठ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी अनशापोटी तपासा, नाहीतर बरं वाटेनासं झालं तर. "आकडा बघून काय करायचं हे ठरलेलं नसेल तर उगाच टोचू नका." पण ऐकेल तो भागवत कसला! मोसंबीच्या बागेतून आला की टोच, ताटावर बसायच्या आधी टोच, पाहुण्याला मशीन दाखवायचं म्हणून टोच. आकडा जरा वर गेला की म्हातारीची खरडपट्टी ठरलेली. वडील साखरेनंच गेले होते, त्यामुळे त्याची धास्ती खरी होती. जाच मात्र आईला होत होता.

त्या दुपारी तो घरी आला तेव्हा आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगाला दरदरून घाम, हात लटलटत होते. समोर परातीत नातीसाठी सोललेली मोसंबी.

भागवतनं लगेच बोट टोचलं. चारशे बारा! त्याचं डोकंच फिरलं.

"चोरून खाल्ली ना मोसंबी?"

"एक फोड बी न्हाई रं खाल्ली." तुळजाबाईची जीभ जड झाली होती.

"मंग मशीन खोटं बोलून राह्यलं का? शीतल, इन्सुलिन आण, जल्दी!"

त्याच्या बायकोनं बाटली आणली खरी, पण ती हातातून सोडेना. "अहो, डॉक्टरला फोन तर लावा. वाढीव द्या म्हणून कुठं सांगितलंय त्यांनी?"

"फोन लावेपर्यंत माय जाईल माझी!"

बाटली हिसकावून त्यानं सुई भरली आणि आईच्या पोटावरचं लुगडं जरा सरकवलं. तिनं त्याचं मनगट धरलं. त्या धरण्यात जोर नव्हता, पण तिची बोटं त्याच्या कातडीला चिकटली.

भागवत थबकला. हा चिकटा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तोडणीच्या दिवसांत त्याचेही हात असेच होत. मोसंबीचा रस. आईचे हात न धुताच त्यानं बोट टोचलं होतं.

"पाणी आण, शीतल. साबण बी."

त्यानं आईचा हात धुतला, कोरडा केला. मग पुन्हा बोट टोचलं. मशीनवर आकडा उमटला. सेहेचाळीस.

साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. वरून हे इन्सुलिन गेलं असतं तर आई हातची गेली असती. भागवतनं भरलेली सुई बाजूला ठेवली नि डॉक्टरांना फोन लावला. शीतलनं साखरपाणी कालवून म्हातारीला घोट घोट पाजलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, पंधरा मिनिटांनी परत एकदा तपासा, आकडा वर आला की जेवू घाला.

आकडा वर आला. आईची नजरही स्थिरावली.

"सकाळी इन्सुलिन घेतलं, मंग जेवली काहून न्हाई?" भागवतनं विचारलं.

तुळजाबाई खाली बघत म्हणाली, "जेवलं की आकडा चढतो. मंग तू वरडतो."

त्याला भडभडून आलं.

शीतलनं भाकर नि वरण वाढलं. तुळजाबाईनं ताट पुढं ओढलं, पण घास काही मोडला नाही. सवयीनं तिनं आधी बोट लेकापुढं धरलं.

भागवतनं ते बोट मुठीत धरलं. "जेव, माय," तो म्हणाला.