टोक वर

लेकीने त्याला रविवारी सकाळी घरी आणला, आणि तो आला तो बुटांच्या खोक्यासकट. खोक्यात स्पंज, स्पंजात खाच, आणि खाचेत बसवलेलं एक राखाडी जेट. "काकू, तुमच्यासाठी. मीच बनवलंय," असं म्हणून त्याने खोकं माझ्यापुढे धरलं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बनवलंय म्हण की बाबा, मीच कशाला? कुणी विचारलं होतं का?

मी अशीच आहे. मला गोड बोलणं जमत नाही आणि कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी दार लावलंय का ते बघते. माझं काम दातांचं. डॉक्टर नाही मी. डॉक्टर तोंडात बसवतात त्या कॅपा आणि कवळ्या जिथे तयार होतात, त्या लॅबमध्ये असते. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांतल्या फटी बघायच्या आणि घरी येऊन विमानांच्या सांध्यांतल्या. मागची सबंध खोली माझ्या जेटनी भरली आहे, सगळी लढाऊ, प्लास्टिकची, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढी. हा नाद मूळचा नवऱ्याचा. लग्न झाल्यावर त्याच्या शेजारी बसून बसून मलाही लागला. लेक चौथीत असताना तो एका बाईबरोबर दुसऱ्या गावी गेला तेव्हा फक्त कपडे घेऊन गेला. किटं, रंग, चिमटे सगळं इथेच. लोकांना वाटलं मी संतापून फेकून देईन. मी कशाला फेकू? गेला तो गेला, चिमट्यांनी काय घोडं मारलं होतं?

जाण्याआधी बराच काळ तो मला रोज खोटं सांगत होता आणि मी रोज ते खरं धरून चालले होते. तेव्हापासून एक गोष्ट पक्की ठरवली. माझं झालं ते झालं, लेकीला कुणी फसवता कामा नये. एकुलती एक पोर, डोळ्यांत तेल घालून वाढवलेली. आणि ती आता या माणसाशी लग्न करायचं म्हणत होती. लिफ्ट दुरुस्त करतो तो. नखं स्वच्छ, केस नीट, आवाज मऊ. मला तर एवढंच पुरे होतं संशय यायला.

चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि विचारलं, "कुठे भेटलात तुम्ही?"

"प्रदर्शनात," लेक म्हणाली. "मॉडेलांच्या."

मी त्याला विचारलं होतं. उत्तर तिने दिलं. तो कपात बघत बसला.

"आणि हे बनवायला कधी शिकलास?"

"झालं असेल दीड वर्ष, काकू."

दीड वर्ष. बरं. मी ते जेट उचललं आणि मागच्या खोलीत दिव्याखाली नेलं. दोघं मागोमाग आली. मी डोळ्याला भिंग लावलं, लॅबमधलं, आणि विमान उलटं केलं. नवशिका कुठे उघडा पडतो ते मला ठाऊक आहे. पोटावरून जाणाऱ्या सांध्यात केसाएवढी फट राहते. इथे नव्हती. कॉकपिटवरची काच झटपट गोंदाने चिकटवली की गोंदाच्या वाफेने ती आतून पांढरी पडते, पहिल्या चार-पाच विमानांत सगळ्यांची पडते. इथली लख्ख. चाकं खालून जराशी घासून चपटी केलेली, वजनाने टायर दबल्यासारखी. एवढंच नाही, नाकात वजन भरलेलं होतं, नाहीतर असलं जेट शेपटीवर बसतं आणि नाक वर करून घरच्यांचं हसं करतं. दीड वर्षात हे? मला या गोष्टींना कितीतरी वर्षं लागली आणि माझे हात पोटापाण्यासाठीच असलं काम करतात.

"छान आहे," मी म्हणाले. लेकीने माझ्याकडे चमकून बघितलं. मी छान कधी म्हणत नाही हे तिला माहीत आहे.

"काचेला काय लावलंस?"

"पांढरा गोंद, काकू. लाकडाचा. वाळला की पारदर्शक होतो."

बरोबर होतं. पण पाठ केलेलं उत्तरही बरोबरच असतं.

"नाकात काय भरलं?"

"शिशाचे छर्रे. मासे पकडायच्या गळाचे."

"किती?"

"आई, तू स्थळ बघतेयस की चोर पकडतेयस?" लेक म्हणाली.

"दोन्ही एकदम उरकतं," मी म्हणाले आणि भिंग जरा पुढे सरकवलं. आणि सापडलं.

कॉकपिटच्या खाली, बाहेरच्या अंगावर, एक बारका लाल त्रिकोण असतो. संकट आलं की पायलट ज्या खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, त्या खुर्चीखाली स्फोटकं आहेत, जपून राहा, असं सांगणारा. किटमध्ये तो डिकल म्हणून येतो, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र. त्याचं टोक खाली असतं. किटच्या कागदावर तसं स्पष्ट काढलेलं असतं, खऱ्या विमानांच्या फोटोंत दिसतं, आंधळ्यालाही कळावं. याच्या विमानावर टोक वर होतं. मी दुसरी बाजू बघितली. तिथेही वर. एका बाजूचं चुकलं असतं तर हात घसरला म्हटलं असतं. दोन्ही बाजूंना हात घसरत नाही.

पकडला, मनात म्हटलं. ज्याने असे सांधे केले तो असली घोडचूक करणार नाही. म्हणजे विमान एकाचं आणि डिकल दुसऱ्याचे. कुणाकडून तरी तयार मिळवलं, वरून शेवटचा हात फिरवला आणि सासूला खूश करायला घेऊन आला. आज विमान दुसऱ्याचं, उद्या काय काय दुसऱ्याचं निघेल. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी तोंडावर काही आणलं नाही. ओरडलं की माणूस सावध होतो, हे मी शिकले होते. मी खणातून एक टाकी काढली, पंखाखाली लटकवायची, इंधनाची. दोन अर्धे भाग, अजून न जोडलेले.

"एवढं जोडून दे रे. माझा चष्मा बदलायला झालाय."

चष्मा अगदी ठणठणीत होता. लेकीने कपाळाला हात लावला.

तो निमूटपणे स्टुलावर बसला. बाही मागे सारली. दोन्ही भाग कोरडेच जुळवून दिव्यासमोर धरले आणि फटीतून उजेड येतो का बघितलं. मग पातळ गोंदात कुंचला बुडवला आणि सांध्याला एकाच ठिकाणी टेकवला. फिरवला नाही, नुसता टेकवला. गोंद आपोआप फटीतून धावत गेला. त्याने बोटांनी हळूच दाबलं, तेव्हा वितळलेल्या प्लास्टिकची बारीकशी कड वर आली, आणि तो थांबला. आता सगळे हळहळत पुसायला जातात. तो गेला नाही. वाळू दे, मग घासू, म्हणाला.

झालं, माझा सगळा आवेश बसला. हे पाठ करून येत नाही. विमान याचंच होतं. मी तोंडघशी पडले होते, आणि खरं सांगायचं तर थोडी हिरमुसले. एवढा चांगला संशय वाया गेला की वाईट वाटतंच. पण मग तो त्रिकोण उलटा कसा? आता मला ती रुखरुख बसू देईना.

"सगळं एवढं नीट करतोस आणि हा त्रिकोण उलटा लावलास?"

तो हसला. पहिल्यांदाच मोकळा हसला. "उलटा नाही काकू. पायलट वर जातो ना? मग टोक वर."

लेक त्याच्याकडे बघत होती. त्याचं हसू हळूहळू गेलं, का गेलं ते त्याला कळलं नसावं.

हे वाक्य मी जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. याच टेबलाशी. कागद दाखवला, फोटो दाखवले, एकदा तर आठवडाभर अबोला धरला, पण तो ऐकेल तर शपथ. पायलट वर जातो ना, मग टोक वर. जगातले सगळे रंगारी चुकले आणि हा एकटा शहाणा. मी त्या त्रिकोणावरून जेवढी भांडले तेवढी दुसऱ्या कशावरूनही भांडले नव्हते, आणि भांडायचं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून, हे मला फार उशिरा कळलं.

"कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

त्याने लेकीकडे पाहिलं.

"त्याला नको विचारू," लेक म्हणाली. "मला विचार."

"तुला विचारते. कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

मी खुर्चीवर बसले.

मग तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला टेकून. तिनेच बापाला शोधला होता. फोनवर. "अवघड नव्हतं, आई," म्हणाली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. तो आता एकटाच राहतो. ती दुसरी बाई कधीच निघून गेली. लेक ऑफिसच्या कामाला जाते म्हणून सांगायची तेव्हा त्याच्याकडे जायची. त्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, दुरुस्त करायला हा आला, दार उघडं होतं, टेबलावर विमान दिसलं म्हणून आत डोकावला. लेक तेव्हा तिथेच होती, दोघांची ओळख तिथली. प्रदर्शन वगैरे काही नाही.

म्हणजे माझ्या घरात कुणीतरी खोटं बोलतंय हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त सकाळपासून भिंग भलत्याच माणसावर धरून बसले होते. हा बिचारा विमानापासून गोंदापर्यंत खरा निघाला आणि जिच्यासाठी मी जगाला तपासत बसले ती माझी पोर मला दीड वर्ष, कदाचित जास्तच, बनवत होती. तेही अगदी बापासारखं. ऑफिसचं काम सांगून.

"का लपवलंस?"

"तू म्हणाली असतीस, तो किंवा मी."

"म्हटलं असतं," मी म्हणाले. "आत्ताही म्हणेन."

"माहितेय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "लग्नाला मी बाबांना बोलावणार आहे. बोलावू का, हे विचारायला मी नाही आले. तू येशील का, ते विचारायला आलेय."

बघा आता. एवढं डोळ्यांत तेल घातलं, आणि पोर माझ्याच खोलीत उभी राहून विचारतेय, माझ्या लग्नाला येशील का. नाही म्हटलं असतं तर ती रडली असती, आणि लग्न मात्र ठरल्या दिवशी केलं असतं. नंतर सणासुदीला फोन, नातवंडं झाली की फोटो. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. तरी नाही हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

तेवढ्यात लिफ्टवाला मध्ये पडला. "काकू, ते तुमची फार आठवण काढतात. नेहमी विचारतात, कशी आहे म्हणून."

बोलताना त्याने त्या टाकीची वाळलेली कड नखाने खरवडायला घेतली आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सकाळपासून एवढे प्रश्न विचारले, एकदाही त्याचे कान लाल झाले नव्हते. या पोराला खोटं बोलता येत नाही. चांगलं आहे, माझ्या लेकीला हे उपयोगी पडेल.

मी लेकीकडे वळले.

"खरं आहे हे?"

तिला हो म्हणता आलं असतं. हो म्हणाली असती तर तिचं काम झालं असतं, असं तिला वाटलं असणार. मलाही, देवाशप्पथ, ते ऐकायचं होतं. इतक्या वर्षांनंतर, एवढा राग मनात धरून, मला त्या माणसाने एकदा तरी विचारलेलं हवं होतं. याची मला लाज वाटली, पण हवं होतं.

ती चौकट सोडून माझ्यासमोर आली.

"नाही, आई," ती म्हणाली. "एकदाही नाही विचारलं. मी प्रत्येक वेळी वाट बघायचे. तुझं नाव मुद्दाम काढायचे. ते विषय बदलतात."

लिफ्टवाल्याने मान खाली घातली. मी तिच्या चेहऱ्यावर सगळीकडे बघितलं, माझी जुनी सवय, कुठे फट दिसतेय का ते. डोळे, ओठ, गळ्याची शीर. कुठेच नव्हती. पोर मला खरं सांगत होती, आणि खरं सांगून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती, आणि ते तिला कळत होतं.

फार दुखलं. दातातला उघडा पडलेला मज्जातंतू दुखतो तसं दुखलं, आणि ते मी लेकीला सांगितलं नाही.

"बोलाव त्याला," मी म्हणाले. "मी येईन."